टेबलावरचं इंग्रजी

३ नोव्हेंबर, सोमवार

काल पुन्हा पोळी गार झाली! मी म्हणाले, "आय डिडन्ट वेंट टु मार्केट." झालं — अण्णांचं डावं बोट वर. उजवा हात वरणभातात आणि डावं बोट हवेत. हे बोट वर गेलं की आमच्या घरात घास थांबतो. आधी चूक ओळखायची, मग पूर्ण वाक्य नीट म्हणून दाखवायचं, मग जेवायचं. मी म्हटलं, "आय डिडन्ट गो टु मार्केट." बोट अजून वरच. कुठे चुकलं ते कळेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, "द मार्केट, शामला. द!" तोपर्यंत तूप थिजलं होतं.

अण्णा, माझे सासरे, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं काही रिटायर झालं नाही. रात्री सगळ्यांनी टेबलावर जेवायचं आणि टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं, हा नियम माझा नवरा केशव लहान होता तेव्हापासूनचा. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं कौतुकच वाटलं होतं. माहेरी आर्वीला आम्ही भावंडं जेवताना कचाकचा भांडायचो. म्हटलं, इथे केवढी शिस्त! आता त्या भांडणांची आठवण येते.

हे कंपनीच्या बसमध्ये लिहितेय. नागपूरहून बुटीबोरी येईपर्यंतचा वेळ तेवढा माझा. अक्षर हलतंय, हलू दे. इथे तपासायला कोणी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल अण्णा बीपी तपासायला धंतोलीत गेले होते. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, फाइल रिव्हर्ट बॅक करा." अण्णांनी तिला तिथेच शिकवायला घेतलं — मागे पेशंटची ही रांग! रिव्हर्ट म्हणजे काय, बॅक का नको, आणि मुळात हा शब्दच इथे का नको. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी टाकला. बीपी वाढलेलं निघालं. निघणारच!

रात्री हे सगळं त्यांनी टेबलावर रंगवून सांगितलं. मलाही हसू आलं. कोणाचं भाऊबंदांशी वैर असतं, अण्णांचं वैर 'टुडे मॉर्निंग'शी, 'कझिन ब्रदर'शी, 'मायसेल्फ अमुक तमुक'शी. पेपरात 'डिस्कस अबाउट' छापून आलं की त्यांचा चहा तसाच राहतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल जेवताना माझी लेक भैरवी एकदम सुरू झाली. डोळे असे चमकत होते! "टुडे मॉर्निंग अवर मिस टोल्ड दॅट —" बोट वर. "धिस मॉर्निंग." तिने म्हटलं, "धिस मॉर्निंग अवर मिस टोल्ड दॅट —" पुन्हा बोट. "टोल्ड हूम? टोल्ड अस." भैरवीने बोटाकडे पाहिलं, मग ताटाकडे. म्हणाली, "नथिंग." त्यावर अण्णांना काही हरकत नव्हती. नथिंग बरोबर होतं ना!

आज सकाळी तिची वेणी घालताना विचारलं, मिस काय म्हणाल्या गं? "राहू दे." आठ वर्षांची पोर — आणि 'राहू दे' म्हणते. मला ते अजिबात आवडलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल शाळेतून बोलावणं आलं. अर्धी रजा टाकून गेले. तिच्या मिस तरुण आहेत, गोड आहेत. म्हणाल्या, "मॅम, शी इज नॉट टॉकिंग ॲट ऑल. सिन्स दिवाली ओन्ली."

आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? हे 'ओन्ली' शेवटी नको होतं! खरंच. आधी चूक ऐकू आली, आणि मुलगी बोलत नाही हे नंतर ऐकू आलं. मिसचं पुढचं वाक्य होईपर्यंत मी मनात ते 'ओन्ली' उचलून योग्य जागी ठेवत होते. मग कुठे बाकीचं ऐकलं. भैरवी वर्गात उत्तर देत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. मधल्या सुट्टीत मुलींत बसते, पण ऐकत बसते. परवा पाणी हवं होतं तर बाटली रिकामी आहे हेसुद्धा सांगितलं नाही, तशीच बसून राहिली.

मला स्वतःचीच भीती वाटली. अण्णांचं बोट माझ्या कानात येऊन बसलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बसमध्ये प्रेमिलाला सांगितलं. ती पॅकिंगला आहे, इंदोऱ्याहून चढते. माझ्या शेजारची जागा तिचीच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहून वं, तुमच्या घरी जेवण राह्यते का परीक्षा?"

मी म्हटलं, नियम आहे.

"मंग सांगत काहून नाही त्याहिले? मी असती तं ताट घेऊन अंगणात जाऊन बसली असती!"

हिला कसं सांगू? आमच्याकडे काहीही ठरतं ते टेबलावरच. फ्रिज घ्यायचा, घराला रंग द्यायचा, भैरवीची शाळा — सगळं. बाकी वेळी अण्णांना मराठीत काही सांगायला गेलं की म्हणतात, "टेबलावर बोलू." आणि टेबलावर मला बोलता येत नाही. लॅबमध्ये मी कापड रंगवणाऱ्या डाईंग खात्याच्या मोठमोठ्या साहेबांचा माल परत पाठवते. रंग सॅम्पलशी जुळला नाही की सरळ सांगते, "नो सर, धिस शेड नॉट ओके." कोणाचं बोट वर जात नाही. सगळे माल परत नेतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केशवशी बोलले. म्हणाला, "अण्णांचं वय झालंय आता." मग म्हणाला, "मीपण असाच शिकलो ना, काय वाईट झालं माझं?"

काय सांगू याला! टेबलावर केशव कधी चुकत नाही, कारण तो ठरलेलीच दोन-चार वाक्यं बोलतो. इट्स गुड. पास द सॉल्ट. येस, अण्णा. आणि ऑफिस वॉज फाइन. त्याच्या ऑफिसात नक्की काय चालतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. चांगला माणूस आहे. पण भांडायचं तरी कोणाशी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज तिसरा शनिवार, सुट्टी. सकाळी अण्णा बाल्कनीत भैरवीसाठी संत्री सोलत बसले होते. प्रत्येक फोडीचे दोरे काढून, बिया काढून. ते नेहमीच असं करतात. हिंमत करून मराठीतच बोलले, "अण्णा, भैरवी शाळेत बोलत नाही."

त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. म्हणाले, "मी तिचं वाईट चिंतीन का, शामला?" मग सांगायला लागले. काटोलजवळच्या खेड्यातून ते नागपूरला कॉलेजात आले. वर्गात तोंड उघडलं की मुलं हसायची. सर उभं करायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे, आणि वर्ग पुन्हा हसायचा. एक वर्ष ते कोणाशी बोललेच नाहीत म्हणे. "तेव्हा ठरवलं. माझ्या घरातल्या कोणाचं कधी कोणासमोर हसं होणार नाही. घरात चुकलेलं बरं. घरात कोणी हसत नाही."

डोळे ओले झाले होते त्यांचे. माझेही. माझी नोकरी सुटू नये म्हणून याच माणसाने नातेवाइकांशी वाद घातले, भैरवी तान्ही असताना तिला मांडीवर घेऊन बसले. वाईट असते तर किती सोपं झालं असतं! मी म्हटलं, "पण अण्णा, ती गप्प झालीय." ते म्हणाले, "उद्या टेबलावर बोलू. नीट बोलू." आणि पुन्हा संत्रं हातात घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बोलले. म्हणजे — काय ते आता लिहिते.

काल दिवसभर वाक्यं पाठ केली होती. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना. जेवायला बसले, पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली. "अण्णा, आय वॉन्ट टु डिस्कस अबाउट भैरवी." बोट वर! आणि मला माहीत होतं हो! 'अबाउट' नको हे मला पाठ होतं! "आय वॉन्ट टु डिस्कस भैरवी." बरोबर. पुढे, "शी इज नॉट टॉकिंग सिन्स —" बोट. हॅज बीन आणि हॅज नॉट बीन, यात दहा मिनिटं गेली. अण्णा रागावले नाहीत, उलट खुलले. मीठ-साखरेच्या बरण्या मांडून सिन्स आणि फॉर समजावलं. केशव मान हलवत होता. मी म्हणत गेले, ते सुधारत गेले, आणि मला काय म्हणायचं होतं ते कुठल्या कुठे राहिलं. शेवटी अण्णा म्हणाले, "मच बेटर, शामला! यू आर इंप्रूव्हिंग." आणि ताट उचलून गेले.

भैरवी पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता भैरवी टेबलावर येत नाही. म्हणते, "मला आत्ता भूक नाही. मी नंतर आजीबरोबर जेवते."

माझ्या सासूबाई — यमुताई म्हणतात सगळे, मी आई म्हणते — नेहमी मागाहून जेवतात. आत, ओट्याजवळ पाट टाकून. टेबलावर गरम पोळी पाठवायची, मग सगळ्यांचं झालं की आपलं वाढून घ्यायचं. पाहुणे कौतुक करतात — अजून नवऱ्याच्या आधी घास घेत नाहीत! मीही तेच समजत होते.

काल भैरवीचं ताट आईंच्या ताटाशेजारी लावलेलं पाहिलं आणि विचारलं, "आई, तुम्ही टेबलावर का बसत नाही?"

"कामं असतात गं."

"आता तर कामं झाली."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बसायची ना. नवं टेबल घेतलं तेव्हा बसायची. एकदा यांचे कॉलेजातले लोक जेवायला होते. मी काहीतरी बोलली इंग्लिशमध्ये, यांनी सुधारलं, ते सगळे हसले. यांना तेही आवडलं नाही, बरं का! खूप लागलं त्यांना. मग मीच म्हटलं, मी नंतर जेवत जाईन." भैरवीच्या भातावर त्यांनी वरण वाढलं. "इथं बरं असतं, शामला. वरणाला वरण म्हणता येतं."

भैरवी आईंना शाळेतलं काहीतरी सांगत होती. कोणाचा तरी डबा सांडला, मांजर आलं. हातवारे करून सांगत होती! मी दारात उभी राहून ऐकलं. मग बाहेरून अण्णांचं "शामला, पोळी प्लीज" ऐकू आलं आणि पोळी घेऊन टेबलावर जाऊन बसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर एकच डोक्यात. आत बरं असतं. आईंचं सगळं आयुष्य आत बरं गेलं. माझ्या पोरीचंही जाईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ॲडमिनच्या गोविंदा साहेबांनी पुन्हा विचारलं — मॅडम, तुमच्या नावावर कंपनीचं क्वार्टर निघू शकतं, अर्ज का देत नाही? लॅब इन्चार्जला मिळतं. मी नेहमीसारखं म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी म्हणजे टेबलावर! कोणत्या तोंडाने विचारू?

२४ नोव्हेंबर, सोमवार

भैरवी बोलली! काल रविवार, म्हणून अण्णांनी तिला हाताला धरून टेबलावर बसवलं. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणाले. बराच वेळ ती भात चिवडत होती. मग हळूच म्हणाली, "माय स्टमक इज पेनिंग." बोट वर गेलं. आता ही पुन्हा 'नथिंग' म्हणणार! पण नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आय हॅव अ स्टमकएक." अगदी बरोबर! अण्णांनी टाळी वाजवली. "व्हेरी गुड! परफेक्ट!" केशवसुद्धा म्हणाला, "इट्स गुड." मी टेबलाखालून तिचा हात दाबला. कितीतरी दिवसांनी तोंडात घास गोड लागला.

पोटाला ओवा द्यायचा राहिलाच. सकाळी शाळेच्या गडबडीत विसरले. संध्याकाळी बघते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

धंतोलीत आहे, हॉस्पिटलमध्ये. खुर्चीवर बसून लिहितेय. ती झोपली आहे.

सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. सकाळपासून बाकावर डोकं ठेवून बसली होती. मिसने विचारलं तर मान हलवली, काही नाही म्हणून. मग उलटी झाली, मग तापली. अपेंडिक्स. रात्रीच ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फुटलं असतं. म्हणाले, "आदल्या दिवशीपासून दुखत असणार. मुलीने सांगितलं नाही का?"

सांगितलं! सांगितलं हो डॉक्टर! आमच्या भरल्या टेबलावर तिने सांगितलं, दोनदा सांगितलं — एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही. मी आई आहे तिची आणि मी व्याकरण ऐकलं. हे मला कसं पचणार आहे, माहीत नाही.

आणखी एक लिहून ठेवते. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर तिला तपासायला आला. पोटावर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "व्हेअर इट इज पेनिंग, बेटा?" भैरवी कळवळत होती, ओठ पांढरे पडले होते. तरी तिने उत्तर दिलं नाही. आधी अण्णांकडे पाहिलं. ते पलंगाच्या पायाशी उभे होते. आता बोट वर जाईल म्हणून थांबली होती पोर! अण्णांनी दोन्ही हात मागे घेतले. मी ओरडलेच, "भैरवी, डॉक्टरांना दाखव! मराठीत सांग, कसंही सांग!" तेव्हा तिने उजवीकडे हात नेला.

अण्णा नंतर जिन्यात बसून होते. केशव चहा घेऊन गेला, तो तसाच परत आणला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणलं. आईंनी मऊ भात केला. चेहरा एवढासा झालाय पोरीचा.

३० नोव्हेंबर, रविवार

मला वाटलं होतं, आता टेबलावर मराठी सुरू होईल. अण्णा म्हणतील, झालं ते झालं, बोला रे कसंही. तसं काही म्हणाले नाहीत. बोटही वर केलं नाही. नियम मोडला नाही कोणी, फक्त कोणी बोललंच नाही. वाट्या-चमच्यांचा आवाज तेवढा. केशवची ठरलेली वाक्यंही बंद झाली. आधी निदान चुकायला तरी तोंड उघडत होतो. त्या टेबलावर आता मला कोंडल्यासारखं होतं. पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा आत जाऊन आले.

२ डिसेंबर, मंगळवार

प्रेमिला काल संत्री घेऊन भैरवीला बघायला आली होती. भैरवी तिच्याशीही बोलली नाही, नुसती हसली. जाताना प्रेमिला जिन्यात म्हणाली, "पोट तं बरं झालं वं तिचं. पोरगीचं काय करतं?"

आज बस पोचल्यावर लॅबमध्ये न जाता सरळ ॲडमिनला गेले. अर्जावर सही केली. क्वार्टर छोटं आहे, दोन खोल्या. नाताळपर्यंत ताबा मिळेल आणि शाळेची बस तिकडून जाते, विचारून घेतलं. केशवला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "बघू." मी म्हटलं, तू बघ, मी तर केलं. जिभेवर अजून कुलूप आहेच — अण्णांना कोण सांगणार?

४ डिसेंबर, गुरुवार

काल टेबलावर सांगितलं. मराठीत. "अण्णा, नाताळच्या सुट्टीपासून मी आणि भैरवी बुटीबोरीला क्वार्टरवर राहायला जातोय." केशव भात कालवत राहिला. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "मीपण जाते आहे. शाळेतून आल्यावर पोरीजवळ कोण बसेल तिकडं? माझी पिशवी भरून झाली."

अण्णांनी घास ताटात ठेवला. आईंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यमे, अन् मी एकलाच काय करू वं इथं?"

इतक्या वर्षांत अण्णांना असं गावाकडचं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. केशवनेही नसावं, तो मान वर करून बघायला लागला. आई मात्र दचकल्या नाहीत. अण्णांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.